बरगड्या दिसणाऱ्या कुत्र्याचं वजन कसं वाढवायचं (आणि मुळात वाढवायचं का?)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे ना' तेवढे काढलेत, आकडेमोड जरा नीट मांडलीये. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. 'आमचा कुत्रा खातो-पितो, पळतो, पण अंगच धरत नाही. काय करू?' विचारणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोकांकडे कारवान किंवा मुधोळ हाउंड, नाहीतर त्यांचं मिश्रण आहे. माझ्याकडेही कारवान मिश्रणाचीच कुत्री आहे, रेवा. वय चार वर्षं, वजन २२ किलो. सोसायटीतल्या काकूंचा ठरलेला प्रश्न असतो, "अरे, हिला खायला घालता की नाही?" त्यामुळे हा विषय मला पाठ आहे.

सुरुवातीलाच सांगतो, यात चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. धडधाकट कुत्र्याला लोकांच्या बोलण्याला कंटाळून जाड करणं ही एक. आणि खरंच आजारी असलेल्या कुत्र्याला 'अहो, त्याची जातच तशी आहे' म्हणून सोडून देणं ही दुसरी. दुसरी चूक जास्त महाग पडते. म्हणून आज आधी ओळखायचं कसं, मग तपासायचं काय, आणि शेवटी खायला काय घालायचं, असा क्रम घेऊ.

हे कुत्रे असे का असतात?

कारवान हाउंड हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. ग्रेहाउंड, सलुकी यांच्याच पंगतीतला. वास घेत घेत माग काढणं हे याचं काम नाही. लांबवर ससा दिसला की सुसाट सुटायचं, हे काम. त्यासाठी छाती खोल लागते, म्हणजे फुप्फुसं आणि हृदय मोठं मावतं. पोट वर खेचलेलं, कंबर बारीक, पाय लांब, कातडी पातळ आणि तिच्याखाली चरबी फारशी नाही.

आपल्याकडे सोलापूर, सांगली आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हा यांचा मुख्य पट्टा. गावाकडे 'कारवानी' म्हणतात, लांब रेशमी केस असलेल्याला 'पश्मी'. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजपालयमबरोबर मुधोळही होता.

हे सांगायचं कारण असं, की ज्या कुत्र्याची बांधणीच धावायची आहे, त्याची तुलना शेजारच्या लॅब्रॅडॉरशी करून उपयोग नाही. आपल्या डोळ्यांना शहरातले गुबगुबीत कुत्रे बघायची इतकी सवय झालीये, की नॉर्मल कुत्राच उपाशी वाटायला लागतो.

बरं, बारीक असणं वाईट नाही, हे नुसतं मत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंत चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे कुत्रे मध्यमानाने १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. शिवाय सांधेदुखीचा त्रासही बारीक कुत्र्यांना उशिरा सुरू झाला. म्हणजे आपण वजन वाढवायला जातो, तेव्हा ते 'जास्त' होऊ न देणं हाही कामाचाच भाग आहे.

बारीक की अशक्त? हाताने ओळखा

व्हेट लोक कुत्र्याच्या अंगाला १ ते ९ गुण देतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे गोल पिंप. ४ आणि ५ म्हणजे उत्तम. घरी ढोबळ अंदाज असा घ्यायचा:

आधी आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा टोकदार लागत असतील तर तो फार बारीक आहे. आता हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी बोट फिरवा. असं लागत असेल तर छान. आणि तळहाताच्या गादीसारखं लागत असेल, म्हणजे बरगडी शोधावी लागत असेल, तर वजन जास्त आहे.

कारवानच्या बाबतीत एक सूट आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या नुसत्या डोळ्यांना दिसल्या, कमरेची दोन हाडं थोडी वर आलेली दिसली, तरी घाबरायचं नाही. ही त्यांची ठेवण आहे.

पण चरबी वेगळी आणि स्नायू वेगळे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण खरी पारख इथेच होते. निरोगी कारवानच्या मांड्या बघा, दगडासारख्या असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसल पट्टे हाताला लागतात. याउलट मांड्या पोकळ झाल्यात, कण्याचा एकेक मणका मोजता येतोय, खांद्याचं हाड धारेसारखं लागतंय, डोक्यावर कानशिलापाशी खड्डे पडलेत, असं असेल तर ती 'जात' नाही. ते स्नायू झडणं आहे, आणि त्याला कारण असतं.

पिल्लांसाठी वेगळं बोलतो. सात-आठ महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षाचा कारवान म्हणजे नुसते पाय आणि नाक. आपण कॉलेजात असताना जसे होतो, तसा. उंची आधी वाढते, अंग भरायला दोन, कधी अडीच वर्षं लागतात. या वयात वजन वाढवायच्या घाईत भरमसाट खाणं किंवा वरून कॅल्शियमची औषधं दिली तर हाडांची वाढ बिघडू शकते. पिल्लांचं व्यवस्थित डॉग फूड चालू असेल, तर वरून कॅल्शियम लागतच नाही.

खाणं वाढवायच्या आधी: कारण शोधा

दिवसभर मी कोड लिहितो. तिथला एक नियम इथेही चालतो: सर्व्हर स्लो झाला की लगेच मोठा सर्व्हर विकत घ्यायचा नाही, आधी लॉग बघायचे. खाल्लेलं अंगी लागत नसेल तर जास्त खायला घालून प्रश्न फक्त झाकला जातो.

पहिला संशयित अर्थातच जंत. हुकवर्म तर आतड्याला चिकटून रक्त पितात. पट्टकृमी पिसवांमधून येतात. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायची पद्धत आहे. पण औषध दिलं म्हणजे जंत गेलेच असं नसतं. जिआर्डियासारखा एकपेशी जीव असेल तर नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांनी तो जात नाही. त्यामुळे शीची तपासणी करून घ्या. ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जायचा, एवढंच काम. खर्चही फार नसतो.

दुसरा संशयित गोचीड. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात, आपल्याकडे दोन्ही भरपूर आहेत. कधीकधी जोराचा ताप वगैरे काहीच दिसत नाही; कुत्रा महिनोन्‌महिने हळूहळू उतरत जातो, हिरड्या फिक्या पडतात, उत्साह कमी होतो. रक्ततपासणीत कळतं.

तिसरा, पचनाचा बिघाड. स्वादुपिंड पुरेसे पाचकरस तयार करत नसेल, तर कुत्रा अधाशासारखा खातो, तरीही वाळत जातो. शी भरपूर, फिकट आणि तेलकट होते. यासाठी रक्ताची टीएलआय नावाची वेगळी चाचणी असते, आणि निदान झालं तर खाण्यात एन्झाइमची पावडर मिसळून कुत्रा चांगला सुधारतो. अशा कुत्र्याला वरून नुसतं तूप घालत बसलो तर काय होणार? ते सगळं मागच्या दाराने बाहेर.

बाकी यादीत दातांचं दुखणं, किडनी, मधुमेह आणि वय जास्त असेल तर गाठी. हे घरी ओळखायचं नाही, डॉक्टरांनी ओळखायचं.

आता एक गोष्ट कारवान पाळणाऱ्यांनी डॉक्टरांशी आवर्जून बोलावी. ग्रेहाउंडच्या रक्ताचे नॉर्मल आकडे इतर कुत्र्यांपेक्षा वेगळे असतात: लाल पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन थोडं जास्त, थायरॉइडचा टी-४ कमी. याच गटातल्या इतर कुत्र्यांमध्येही असे काही फरक दिसतात. म्हणून नुसता एक आकडा रिपोर्टमध्ये ठळक छापलेला दिसला की थायरॉइडची गोळी सुरू, असं नको. पण उलट बाजूही बघा: गोचीडतापातही प्लेटलेट कमीच येतात. त्यामुळे 'हाउंड आहे, कमी असणारच' असं म्हणूनही सोडता येत नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कुत्रा ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो रिपोर्ट जपून ठेवायचा. पुढे तुलना त्याच्या स्वतःच्याच आकड्यांशी करता येते.

अचानक वजन घटलं, उलट्या-जुलाब चालू आहेत, खाणं सोडलंय, पाणी भयंकर पितोय, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचायच्या आधी दवाखाना गाठा.

किती खायला हवं? मोबाइलवरचं गणित

समजा तपासण्या सगळ्या ठीक आल्या. आता आकडे.

कुत्रा नुसता पडून राहिला तरी शरीर चालू ठेवायला किती कॅलरी लागतात, त्याचं सूत्र आहे: वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. घाबरू नका, साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजन तीनदा एकमेकांशी गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, मग ७० ने गुणा.

रेवाचं करून बघू. २२ गुणिले २२ गुणिले २२ म्हणजे १०,६४८. पहिलं वर्गमूळ १०३.२, दुसरं १०.१६. गुणिले ७०, झाले साधारण ७११ कॅलरी. हे झालं विश्रांतीचं. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे ११३८. नसबंदी झालेली नसेल तर १.८ ने, म्हणजे १२८०. रोज रानात धावणाऱ्याला याहून जास्त लागतं.

हा आकडा म्हणजे सुरुवातीचा अंदाज आहे, काळ्या दगडावरची रेघ नव्हे. सारख्याच वजनाच्या दोन कुत्र्यांच्या गरजेत बराच फरक असतो.

आता पाकिटावरच्या खाण्यात कॅलरी किती? बऱ्याच पाकिटांवर लिहिलेल्याच नसतात, पण काढता येतात. प्रथिनं, फॅट, तंतू, पाणी आणि राख यांच्या टक्क्यांची बेरीज १०० मधून वजा करा, उरतात ती कर्बोदकं. मग प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ ने, फॅट ८.५ ने गुणून बेरीज करा. राख लिहिलेली नसेल तर ७-८ धरा.

उदाहरण घेऊ. एका पाकिटात प्रथिनं २४, फॅट १०, तंतू ४, पाणी १०, राख ८. कर्बोदकं उरली ४४. हिशोब येतो १०० ग्रॅमला ३२३ कॅलरी. दुसऱ्यात प्रथिनं २८, फॅट १८, तंतू ३, पाणी १०, राख ८. कर्बोदकं ३३, आणि कॅलरी साधारण ३६६. ११३८ कॅलरी भरायला पहिलं ३५२ ग्रॅम लागेल, दुसरं ३११ ग्रॅम. थोडं खाऊन तोंड फिरवणाऱ्या कुत्र्यासाठी हा फरक मोठा असतो, कारण तेवढ्याच वाडग्यात जास्त इंधन जातं.

वाढवायचं कसं

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही. सध्या दिवसभरात जे जे पोटात जातं ते लिहायचं. बिस्किटं, आजोबांनी टेबलाखालून दिलेली पोळी, सगळं. वजन करायला साधा घरचा काटा पुरतो: कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. दर आठवड्याला त्याच दिवशी, सकाळी खाण्याआधी.

दुसऱ्या आठवड्यापासून एकूण कॅलरी १० टक्क्यांनी वाढवा आणि दोन आठवडे तिथेच थांबा. शी घट्ट राहिली आणि वजन हललं नाही, तर आणखी १० टक्के. शी सैल झाली तर एक पाऊल मागे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही. आठवड्याला वजनाच्या एखाद टक्का वाढ पुष्कळ झाली. २२ किलोला म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास.

११५० कॅलरीचे १० टक्के म्हणजे ११५. घरच्या भाषेत: एक उकडलेलं अंडं (साधारण ७५) आणि दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम शिजलेला भात (४०). बस्स, इतकंच! 'रोज अर्धा किलो चिकन सुरू करा' वगैरे काही लागत नाही.

घरून दिलेल्या वरकड गोष्टी एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायच्या, म्हणजे पाकिटातल्या संतुलित खाण्याचं गणित बिघडत नाही. त्याहून जास्त वाढ हवी असेल तर मुख्य खाणंच जास्त फॅट-प्रथिनांचं निवडा. नवं खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळत आणा: आधी पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण.

आता तुपाबद्दल. आपल्याकडे कुणी बारीक दिसला की पहिला हात तुपाच्या बरणीकडे जातो. एक छोटा चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी, त्यामुळे ते काम करतं. पण एकदम जास्त स्निग्ध खाणं पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं जिवावर बेततं. अर्ध्या चमच्याने सुरू करा, आधी पोटाची तक्रार झालेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

गावाकडे या कुत्र्यांना ज्वारी-बाजरीची भाकरी आणि दूध-ताक घालतात. तिथे कुत्रा दिवसभर मोकळा फिरतो, इकडेतिकडे बरंच काही मिळवतो. फ्लॅटमध्ये फक्त भाकरी-दुधावर ठेवलं तर प्रथिनं कमी पडतात. भाकरी बंद करा असं नाही, पण सोबत अंडं, चिकन, मासा असं काहीतरी हवं. आणि घरचंच सगळं द्यायचं ठरवलं असेल तर नुसतं मांस-भातही अपुरं आहे, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. तो आहार पशुवैद्याकडून बसवून घ्या.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली कुठलीही गोष्ट द्यायची नाही. शिजवलेली हाडंही नाहीत, ती फुटून टोचतात. रस्स्यातलं मटण 'धुऊन' दिलं तरी कांदा-लसणाचा अंश राहतोच.

कधी आणि कसं: इथे जीव जाऊ शकतो

खोल छातीच्या कुत्र्यांना पोट फुगून त्याला पीळ बसण्याचा धोका असतो. म्हणून वाढवलेलं खाणं एकाच वेळी भरायचं नाही. दोनाचे तीन भाग करा. खाण्याच्या आधी आणि नंतर किमान तासभर पळापळ नाही. भराभर गिळणाऱ्याला मोठ्या ताटात पसरून द्या.

पोट ढोलासारखं ताणलंय, ओकारीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळतेय, जागेवर ठरत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोनला असलात तरी निघा. तुमच्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, ते आजच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि व्यायाम. नुसत्या कॅलरीने चरबी वाढते, मांडी भरायची तर चढ हवा. पट्टा लावून, सावकाश, टेकडी चढणं हा स्वस्तातला जिम आहे. पंधरा-वीस मिनिटांपासून सुरू करा. 'वजन वाढवायचंय म्हणून फिरणं बंद' हा उलटा सल्ला आहे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*उन्हाळ्यात खाणंच कमी होतं, काय करू?* एप्रिल-मेमध्ये असं होतंच. पहाटे आणि रात्री उशिरा खायला द्या, दुपारचा आग्रह सोडा. कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवलं की वास सुटतो, बरेच कुत्रे मग खातात. पण २४ तास काहीच खाल्लं नाही तर तो उन्हाळा समजू नका.

*रस्त्यावरून उचललेला, अगदी हाडकलेला कुत्रा आहे. भरपूर खायला घालू का?* नको! बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम खाणं गेलं तर रक्तातले क्षार झपाट्याने बदलतात आणि हृदय बंद पडू शकतं. आधी डॉक्टर, मग थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

थोडक्यात

डोळ्यांवर नाही, हातावर विश्वास ठेवा. चरबी कमी असेल तर चालतं, स्नायू कमी असतील तर तपासा. जंत, गोचीडताप आणि पचन यांचा निकाल लागल्यावरच खाणं वाढवा, तेही १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी. तिसरी-चौथी बरगडी दिसेनाशी झाली, मांडी भरली, की थांबा. कारवान कितीही खाल्लं तरी कारवानच दिसणार, आणि तसाच दिसायला हवा.

रेवा अजून २२ किलोचीच आहे. तपासण्या स्वच्छ आहेत, मांड्या घट्ट आहेत, त्यामुळे तिचं वजन वाढवायचा माझा विचार नाही. काकूंना मी आता ती मुठीची युक्ती दाखवतो. त्यांनी परवा तीच स्वतःच्या पामेरियनवर करून बघितली, आणि बरगडी सापडेना! पुढचा भाग त्यामुळे वजन कमी करण्यावर घेऊ. प्रश्न पाठवत राहा, भेटूच.